मास्क हवा अडवत नाही, पण हवा देतही नाही

प्रति,
माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीनंतर मुंबईचा वारा मंदावतो, धूळ आणि धूर खालच्या थरात अडकून राहतो आणि कपाटातले मास्क पुन्हा बाहेर येतात. त्यांच्याबरोबर मोबाइलवरचे जुने संदेशही परत फिरू लागतात. मास्क लावला की ऑक्सिजन कमी होतो, आपलाच कार्बन डायऑक्साइड आपण पुन्हा आत घेतो, फुप्फुसे खराब होतात, असा त्यांचा सूर असतो. याच शहरात रोज कुठे ना कुठे कामगार तोंडाला रुमाल किंवा दहा रुपयांचा मास्क बांधून पाण्याच्या टाकीत, गटारात किंवा थिनरचा वास कोंडलेल्या खोलीत उतरतो आणि काळजी घेतली असे त्याला व त्याच्या मुकादमाला वाटते. पहिल्या भीतीला फारसा आधार नाही. दुसरा विश्वास मात्र माणसे मारतो. श्वसनसंरक्षणाच्या साधनांचे प्रशिक्षण देणारे आम्ही काही जण या दोन्हींबद्दल सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण विषय तपशिलाशिवाय सांगता येण्यासारखा नाही.

'विषाणू अडतो तर ऑक्सिजन कसा आत जातो?' हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. ऑक्सिजनचा रेणू साधारण ०.३५ नॅनोमीटरचा. कोरोनाचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा, म्हणजे रेणूच्या जवळजवळ तीनशे पट, आणि हवेत तो एकटा फिरत नाही, थुंकीच्या सूक्ष्म थेंबांत असतो. एन९५ मास्कच्या मधल्या थरातले पॉलिप्रॉपिलीनचे तंतू काही मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे १,००० नॅनोमीटर) जाडीचे असतात आणि त्यांच्यातल्या फटी त्याहून मोठ्या. म्हणजे फट विषाणूपेक्षाही कितीतरी मोठी आहे. तरीही कण अडतात, कारण हा थर कणांना नुसत्या फटीच्या मापाने गाळत नाही. मोठे कण वळणावर वळू न शकल्याने तंतूवर आदळतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे फिरतात आणि तंतूला चिकटतात. शिवाय तंतूंवर कायमचा विद्युतभार दिलेला असतो, तो कणांना ओढून धरतो. या सगळ्या पद्धतींना सर्वांत जास्त चुकवणारा कण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा, म्हणून चाचणी त्याच मापाच्या कणांवर होते आणि ९५ टक्के अडले तर मास्क एन९५ ठरतो. ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड हे वायू मात्र या जाळ्यातून दोन्ही दिशांनी सहज ये-जा करतात. हीच गोष्ट पुढे टाकीच्या संदर्भात उलटी होऊन येते: विषारी वायूही तितक्याच सहज आत येतात.

मग मास्कमध्ये घुसमटल्यासारखे का होते? ही घुसमट खोटी नाही आणि ती सांगणाऱ्याला घाबरट ठरवू नये. तिची तीन-चार कारणे आहेत.

पहिले कारण मास्कच्या आतल्या पोकळीचे. उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, तर बाहेरच्या हवेत ०.०४ टक्के. उच्छ्वासाचा शेवटचा भाग मास्कच्या पोकळीत राहतो आणि पुढच्या श्वासाबरोबर आधी तोच आत जातो. मास्क नसतानाही आपल्या श्वासनलिकेत असे घडतच असते. शांत बसलेल्या प्रौढ माणसाचा एक श्वास सुमारे ५०० मिलिलिटर. त्यातले १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहतात, फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात ते ३५०. मिनिटाला १४ श्वास धरले तर ४.९ लिटर ताजी हवा कामी येते. आता मास्कच्या पोकळीचे १०० मिलिलिटर आणखी वाया गेले असे धरले, तर शरीर आपोआप श्वास ६०० मिलिलिटरचा करते आणि हिशेब पुन्हा ४.९ लिटरवर येतो. निरोगी माणसाला एवढी खोली वाढवणे जड जात नाही.

दुसऱ्या कारणाने हाच हिशेब बिघडतो. मास्क लावल्यावर अस्वस्थ झालेला माणूस भरभर आणि वरवर श्वास घेऊ लागतो. श्वास २५० मिलिलिटरचा आणि मिनिटाला २८ वेळा झाला, तरी एकूण हवा तेवढीच, सात लिटर. पण प्रत्येक श्वासातले १५० मिलिलिटर वाया जाणारच. म्हणजे कामी आली फक्त २.८ लिटर. त्यात मास्कची पोकळी धरली, तर हातात जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणून मास्कमध्ये वरवरचा श्वास सर्वांत वाईट. काही जण उलट मोठमोठे श्वास भराभर घेतात. तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते. 'मास्कमुळे कार्बन डायऑक्साइड वाढला' असे ज्या चक्कर येण्याला म्हटले जाते, ती पुष्कळदा तो कमी झाल्याची खूण असते. उपाय दोन्हींवर एकच. मोकळ्या जागेत, लोकांपासून लांब जाऊन मास्क खाली घ्या. नाकाने सावकाश, पोट पुढे येईल असा श्वास आत घ्या आणि बाहेर सोडायला त्याच्या दुप्पट वेळ द्या. पाच-सहा श्वासांत फरक पडतो. मग मास्क पुन्हा लावा.

तिसरे कारण ऊब आणि ओल. नाकातोंडाभोवतीची त्वचा तापमानाला अतिशय संवेदनशील असते. तिथे गरम, दमट हवा साठली की मेंदूला हवा कमी पडल्यासारखे वाटते, रक्तातला ऑक्सिजन जागेवर असला तरी. मुंबईच्या दमटपणात ही अडचण पुण्या-नाशिकपेक्षा जास्त. उलट निलगिरी, मेंथॉल किंवा बाम लावलेल्या मास्कमध्ये मोकळे वाटते, कारण मेंथॉल नाकातले थंडी ओळखणारे मज्जातंतू चेतवते. आत येणाऱ्या हवेचे प्रमाण त्याने काडीइतकेही बदलत नाही. २०२१च्या लाटेत कापूर, ओवा, लवंग यांची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो असा संदेश घरोघरी पोहोचला होता. तो वाढत नाही. कापूर लहान मुलांच्या पोटात गेला तर झटके येतात, तेव्हा मुलाच्या मास्कमध्ये किंवा गळ्यात कापराची पुरचुंडी कधीही ठेवू नये. मास्कवर सॅनिटायझर फवारण्याची सवयही सोडावी. अल्कोहोलने तंतूंवरचा विद्युतभार जातो, गाळणी निम्म्याने निकामी होऊ शकते आणि वाफ थेट फुप्फुसात जाते ती वेगळीच. एन९५ धुतल्यानेही हेच नुकसान होते.

चौथे कारण गाळणीचा अडथळा. अमेरिकेच्या नायोश या कामगार सुरक्षा आणि आरोग्य संस्थेच्या कसोटीत मिनिटाला ८५ लिटर हवा ओढताना एन९५चा अडथळा ३५ मिलिमीटर पाण्याच्या दाबापेक्षा जास्त असता कामा नये. स्ट्रॉने पेल्यातले पाणी साडेतीन सेंटिमीटर वर ओढायला जेवढा जोर लागतो, तेवढी ही वरची मर्यादा. चांगले मास्क तिच्या बरेच खाली असतात. शिवाय मिनिटाला ८५ लिटर हा जड कष्टाचा वेग आहे, बसल्या जागी आपण सहा ते आठ लिटरच हवा घेतो. हा अडथळा वाढतो तो मास्क ओला झाल्यावर किंवा धुळीने भरल्यावर.

ऑक्सिजनचे म्हणाल तर एक तुलना पुरेशी आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब कमी असल्याने तिथल्या प्रत्येक श्वासात मुंबईपेक्षा सुमारे १४ टक्के ऑक्सिजन कमी मिळतो. आजी-आजोबांना घेऊन लोक तिथे आठवडाभर राहतात आणि ताजेतवाने होऊन परततात. युरोपच्या ईएन १४९ मानकानुसार मास्कमधून आत जाणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड सरासरी १ टक्क्यापेक्षा जास्त नसावा. घट्ट बसलेल्या मास्कमध्ये शांत बसून उथळ श्वास घेतला, तर आतल्या पोकळीत तो याहून वरही जातो. आठ-दहा तास एन९५ लावणाऱ्या परिचारिकांचे डोके दुखते त्यात याचा थोडा, पट्ट्यांच्या ताणाचा आणि पाणी न पिण्याचा बराच वाटा असतो. दर दोन-तीन तासांनी मोकळ्या हवेत दहा मिनिटे मास्क काढणे आणि पाणी पिणे हा साधा नियम रुग्णालयांनी पाळायला हवा. ऑक्सिमीटर लावून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना: तो फक्त ऑक्सिजन मोजतो, कार्बन डायऑक्साइड नाही. हात गार असला किंवा नखाला रंग असला तर आकडा चुकतो. बोट घालून किमान अर्धा मिनिट थांबावे.

आता ज्यांना खरोखर जपायला हवे त्यांच्याबद्दल. दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क कधीही लावू नये, कारण त्याला तो स्वतः काढता येत नाही. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची शिफारस नाही आणि सहा ते अकरा वयोगटाने मोठ्यांच्या देखरेखीखालीच तो वापरावा असे स्पष्ट केले होते. मास्क गळ्यात अडकवायची दोरी मुलांना देऊ नये, घसरगुंडीवर किंवा पाळण्यात ती अडकून फास बसतो. झोपलेल्या, गुंगीत असलेल्या, उलटी होत असलेल्या किंवा फिट येणाऱ्या माणसाच्या तोंडावर मास्क नको. सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) रुग्णांनी फुप्फुसतज्ज्ञाला विचारावे. ज्यांना घरात दोन खोल्या चालतानाही धाप लागते किंवा ज्यांची एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात जोराने किती हवा सोडता येते) ही चाचणी अपेक्षित क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली आहे, त्यांना एन९५ खरोखर जड जातो. त्यांनी खराब हवेच्या दिवशी घरात राहणे मास्कपेक्षा बरे. दमा आटोक्यात असलेल्यांना सहसा अडचण येत नाही, पंप मात्र खिशात असावा. कोणालाही मास्क लावून एक वाक्य सलग बोलता येईना, छातीत दुखू लागले किंवा ओठ निळसर दिसले, तर मास्क लगेच काढावा आणि १०८ला फोन करावा. मग आणखी थोडा वेळ पाहू, असे करू नये.

शिवाजी पार्कवर किंवा मरीन ड्राइव्हवर मास्क लावून धावणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. धावताना हवेची गरज बसल्या जागेच्या आठ-दहा पट होते, घामाने मास्क भिजतो आणि अडथळा झपाट्याने वाढतो. व्यायाम करताना मास्क लावू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्येच सांगितले आहे. हवा खराब असेल त्या सकाळी धावणे घरात किंवा दुसऱ्या दिवशी करावे. चालणे चालते.

पावसाळ्याचा धोका फारसा कोणी बोलत नाही. कापडी मास्क चिंब भिजला की श्वास आत घेताना तो ओठांना आणि नाकपुड्यांना चिकटतो. भरलेल्या लोकलमध्ये हात वर करायला जागा नसताना हे घडले, तर माणूस घाबरतो आणि त्याचे घाबरणे रास्तच असते. भिजलेला मास्क ताबडतोब काढायचा, वाळवून मग वापरू असे म्हणत तोंडावर ठेवायचा नाही. कागदी पाकिटात एक कोरडा मास्क बरोबर असावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओला मास्क कोंडून ठेवला तर बुरशी धरते.

बसवण्याच्या पद्धतीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. एन९५चा वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर आणि खालचा कानांखालून मानेवर, दोन्ही एकमेकांना छेद न देता. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची. एका हाताने चिमटा काढला की मध्ये टोक येते आणि दोन्ही बाजूंना फटी राहतात. मग दोन्ही तळवे मास्कवर अलगद ठेवून जोराने श्वास सोडायचा. डोळ्यांकडे किंवा गालांकडे झुळूक जाणवली तर मास्क बसलेला नाही. चष्म्यावर धुके येणे ही हीच गळती. दाढी वाढलेली असेल तर कितीही महागडा मास्क कडेने गळतोच. म्हणूनच 'या मास्कमध्ये श्वास किती सोपा!' हे कौतुक ऐकले की आम्हाला शंका येते. चांगल्या मास्कमध्ये हवा गाळणीतून यायला हवी, कडेने आली तर ती सोपीच वाटणार. नायोशने मान्य केलेल्या एन९५ला सहसा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असतात आणि 'टीसी-८४ए' ने सुरू होणारा क्रमांक मास्कवरच छापलेला असतो. भारतीय मानकात आयएस ९४७३ आणि त्याखाली एफएफपी-२ हा दर्जा शोधावा. स्टेशनबाहेर विकल्या जाणाऱ्या कानाच्या पट्टीच्या ज्या मास्कवर नुसतेच एन९५ छापलेले असते, त्यांचा मधला थर आहे की नाही हेसुद्धा सांगता येत नाही. पट्ट्यांचा ताण साधारण पाच वेळा लावून काढल्यावर सैल होऊ लागतो. त्यानंतर मास्क स्वच्छ दिसला तरी कडा धरत नाही.

झडपेच्या मास्कबद्दल गोंधळ आहे. झडपेमुळे उच्छ्वास न गाळता बाहेर जातो, म्हणून संसर्ग रोखण्यासाठी तो उपयोगाचा नाही. केंद्राने जुलै २०२०मध्ये राज्यांना तसे कळवलेही होते. पण धुळीत काम करणाऱ्यासाठी तोच चांगला, कारण ऊब आणि ओल बाहेर जाते आणि कामगार तो दिवसभर तोंडावर ठेवू शकतो.

धुळीच्या कामाचा उल्लेख आला म्हणून: कडाप्पा, ग्रॅनाइट, टाइल किंवा काँक्रीट कोरडे कापताना उडणाऱ्या पांढऱ्या धुळीत सिलिका असते. तिचे दिसणारे कण नाकात अडकतात, न दिसणारे वायुकोशांपर्यंत जातात आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. महापालिकेने ऑक्टोबर २०२३मध्ये काढलेल्या धूळनियंत्रण नियमावलीत बांधकामावरच्या लोकांना मास्क, गॉगल आणि हेल्मेट सक्तीचे केले. प्रत्यक्षात ठेकेदार पुष्कळदा शस्त्रक्रियेचा पातळ मास्क वाटून मोकळा होतो. तो कडेने उघडा असतो, अशा धुळीपासून वाचवत नाही. कटरच्या पात्यावर पाण्याची बारीक धार सोडावी आणि शिवाय तोंडावर एफएफपी-२ लावावा. पुट्टी घासणाऱ्याला आणि खिडकीतली कबुतरांची वाळलेली विष्ठा काढणाऱ्यालाही हेच लागू. विष्ठा आधी पाण्याने भिजवावी, कोरडी झाडू नये.

आता वायूंकडे. थिनर, पॉलिश, ऑइलपेंट यांची वाफ एन९५मधून जशीच्या तशी आत येते. बंद खोलीत पॉलिश करणाऱ्याला रबरी अर्धा मास्क आणि त्याला 'ऑर्गॅनिक व्हेपर' लिहिलेले कार्ट्रिज हवे. त्यात सक्रिय कोळसा असतो. पाकीट फोडल्यापासून तो आजूबाजूची वाफ शोषत राहतो, म्हणून काम संपल्यावर ते हवाबंद पिशवीत ठेवायचे. मास्कच्या आत वास येऊ लागला की कार्ट्रिज संपले. प्रदूषणाचा मास्क म्हणून मिळणाऱ्या कापडातला कोळशाचा पातळ थर थोडा वास मारतो, एवढेच. घरातली एक गोष्ट: ब्लीच आणि संडास साफ करायचे ॲसिड एकत्र झाले की क्लोरीन वायू निघतो. मास्क लावून न्हाणीघर घासणाऱ्या ताईंना मास्कचा काहीही उपयोग होत नाही. दोन्ही द्रव एकत्र करू नयेत, आणि झालेच तर तसेच सोडून बाहेर यावे, दार उघडे ठेवावे.

ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिले ते पुढे आहे. ९ मार्च २०२५ रोजी नागपाड्यात एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या भूमिगत टाकीत सफाईला उतरलेले चार कामगार गुदमरून मृत्युमुखी पडले. पिण्याच्या पाण्याची टाकी, म्हणजे गटार नव्हे, मग वायू कुठून येणार, असे लोकांना वाटते. पण बंद टाकीत विषारी वायू नसला तरी ऑक्सिजन संपलेला असू शकतो. नव्या टाकीत सेंट्रिंगच्या फळ्या आणि प्लाय ओल्यात कुजतात, जिवाणू ऑक्सिजन खातात. लोखंडी टाकीत गंजणे हीच ऑक्सिजन ओढून घेण्याची क्रिया आहे. झाकण महिनोन्महिने बंद असते. हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. १९.५च्या खाली जागा असुरक्षित मानतात. १० टक्क्यांच्या आसपास माणूस थोड्याच वेळात बेशुद्ध पडतो, ६च्या खाली काही श्वासांत कोसळतो. आणि त्याला घुसमट जाणवतही नाही, कारण घुसमटीची जाणीव कार्बन डायऑक्साइड साठल्यावर होते आणि तो तर प्रत्येक श्वासाबरोबर बाहेर जात असतो. शिडीच्या दोन पायऱ्या उतरल्यावर पाय लटपटतात आणि माणूस खाली पडतो. एन९५, कार्ट्रिजचा मास्क, दुहेरी मास्क, ओला रुमाल, यातले काहीही ऑक्सिजन तयार करत नाही.

गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये याच्या जोडीला हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास एक पीपीएमपेक्षा (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) कमी प्रमाणातही येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून खाली उतरलेला माणूस याच कारणाने मरतो. तळाचा गाळ ढवळला की विरघळलेला वायू एकदम सुटतो, म्हणून उतरताना ठीक असलेली हवा पाच मिनिटांनी ठीक नसते. कंदील किंवा मेणबत्ती सोडून पाहण्याची जुनी रीत धोक्याची आहे. मेणबत्ती ऑक्सिजन १६ टक्क्यांपर्यंत घसरला तरी जळत राहते, हायड्रोजन सल्फाइड तिला कळत नाही आणि मिथेन असेल तर भडका उडतो.

टाकी साफ करायचीच असेल तर आधी माणूस न उतरवता होते का ते पाहावे. लांब दांड्याचा ब्रश, वरून उच्च दाबाचे पाणी आणि गाळ ओढणारा पंप यांनी सोसायटीच्या टाकीचे बरेचसे काम होते. उतरणे टळतच नसेल तर सर्व झाकणे आदल्या दिवशी उघडून त्यांच्याभोवती कठडा लावावा. ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडून हवा भरत राहावी आणि माणूस आत असेपर्यंत ब्लोअर बंद करू नये. ऑक्सिजनचे सिलिंडर मात्र टाकीत मोकळे सोडू नये, २३.५ टक्क्यांच्या वर कपडे आणि केस ठिणगीने पेट घेतात. चार वायूंचा मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी वेगवेगळे आकडे घ्यावेत, प्रत्येक ठिकाणी मीटर किमान दोन मिनिटे स्थिर ठेवून. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (ज्या किमान प्रमाणात तो पेट घेऊ शकतो त्याच्या) १० टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमखाली आणि कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएमखाली असेल तरच उतरायचे. मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर चालू राहायला हवा. अंगात पूर्ण हार्नेस, दोरी ट्रायपॉडच्या चरखीला. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप टाकीत उतरवणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आत भरणे. पंप बाहेर ठेवावा, धुराचे तोंड झाकणापासून लांब असावे. दिवा २४ व्होल्टचा.

वर उभा राहणारा माणूस एकाच कामाचा: लक्ष ठेवणे आणि चरखी फिरवणे. आतला पडला तर त्याने उतरायचे नाही. अमेरिकेच्या नायोशने १९८६मध्येच नोंदवले होते, की बंदिस्त जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला उतरलेले असतात. भाऊ, मेहुणा, वॉचमन, असे एकामागोमाग जातात. चरखीने ओढता आले नाही तर १०१ला अग्निशमन दलाला किंवा १९१६ला महापालिकेला फोन करायचा आणि ब्लोअर चालू ठेवायचा. पाठीवर हवेचे सिलिंडर असलेले जवानच आत जाऊ शकतात. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे, मिनिटाला १०० ते १२०.

सफाई कामगारांबाबतचा २०१३चा कायदा संरक्षक साधनांविना गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्यास मनाई करतो. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. साधने म्हणून हातमोजे आणि मास्क पुरवले असे कागदावर दाखवणाऱ्या ठेकेदाराला सोसायटीच्या सेक्रेटरीने एवढेच विचारावे: मीटर कुठे आहे, ब्लोअर कुठे आहे, वर कोण उभा राहणार आहे?

आपल्या वृत्तपत्रात रोज हवेच्या गुणवत्तेचा आकडा छापून येतो. त्याच चौकटीत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये पावसाळ्याआधी टाक्या साफ होतात तेव्हा, वर दिलेले चार वायूंचे आकडे आणि दोन दूरध्वनी क्रमांक छापावेत अशी आमची विनंती आहे. चार-पाच सोसायट्यांनी मिळून एक मीटर घेतला किंवा भाड्याने आणला तरी चालेल. घेताना कॅलिब्रेशनची (आकडे अचूक येतात ना, हे जुळवून घेण्याची) तारीख सहा महिन्यांच्या आतली आहे का ते पाहावे, ऑक्सिजनचा सेन्सर साधारण दोन वर्षांनी बदलावा लागतो हे ध्यानात ठेवावे आणि कामाच्या दिवशी सकाळी चाचणी वायूने मीटर वाजतो की नाही, हे झाकण उघडण्याआधी तपासून घ्यावे.

आपले,
श्वसनसंरक्षण आणि कामगार सुरक्षा क्षेत्रातील काही प्रशिक्षक, मुंबई